कादंबरी वाचून संपली की तुम्ही काय करायचात? (आत्याची वही सापडली त्यावरून)

कृष्णाकाठ:
परवा कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांकडे सरकायला लागलं. २०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यामुळे या वेळी वाट बघत बसलो नाही. गहू, गाद्या, इन्व्हर्टर, सगळं माळ्यावर. जागा करताना एक पत्र्याची ट्रंक ओढली, तिच्यात माझ्या मोठ्या आत्याच्या सात वह्या निघाल्या. मी तिथेच धुळीत बसून वाचत राहिले, खालून नवरा गाद्या घेऊन हाका मारतोय.

आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. शाळा सुटली की वाचनालय, वाचनालयातून घर. वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची तिने नोंद ठेवली आहे. तारीख, नाव, आणि मग लाल पेन्सिलीने गुण. गुण पुस्तकाला नाहीत, पात्रांना! 'ययाति'ची नोंद १९६१ ची आहे: "शर्मिष्ठा ९२. देवयानी ४५, पण तिची बाजू कोणी धड ऐकून घेत नाही म्हणून ५ वाढवून. कच ७०. ययाति नापास." फडक्यांच्या एका कादंबरीपुढे फक्त एवढंच, "सगळे फार छान कपडे घालून चहा पितात." 'वीरधवल'पुढे: "तिसऱ्यांदा. रात्री दोन वाजले. आईने कंदील काढून नेला." आणि 'स्वामी'पुढे: "आज गुण देता येत नाहीत. उद्या बघू." उद्याच्या तारखेचं पान कोरं आहे. परवाचंही.

मी लहान असताना रात्री जेवताना ती मला विचारायची, "कुणाला किती?" गोष्टीतल्या कोल्ह्यालासुद्धा गुण द्यावे लागायचे, आणि का दिले ते सांगावं लागायचं. मला वाटतं मी वाचायला शिकले ती शाळेत नाही, त्या ताटावर.

तर तुमचे अनुभव लिहा. अद्भुत असो, प्रेमकथा असो, जुनी गाजलेली असो. वाचून झाल्यावर मनात जे साठायचं ते तुम्ही कुठे सांडायचात? वही, पत्र, मैत्रीण, पुस्तकाचं शेवटचं पान?

अबोली:
आहा! काय धागा आहे. इथे रुमाल टाकून ठेवते, कुकर लावलाय. येतेच.

पेन्सिलवाला:
शेवटचं पान म्हणालात आणि आमचं वाचनालय डोळ्यांसमोर आलं. मुखपृष्ठ उघडलं की पहिल्याच पानावर कोपऱ्यात "पान ७३ बघा". ७३ वर "आता ११८". ११८ वर "घाई काय, ४० वर जा". ४० वर "दिवे बंद करून झोपा, उद्या शाळा आहे". रहस्यकथा असेल तर कोणीतरी दुष्टपणे तिसऱ्याच पानावर खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवलेली असायची.

पण शेवटच्या पानावरचे अभिप्राय मात्र मनापासून असत. एकीने लिहायचं "शेवट रडवतो", खाली दुसऱ्या अक्षरात "मीही रडले", त्याखाली तिसऱ्या अक्षरात "भगिनींनो, मी पुरुष असून रडलो". ही गोनीदांची 'शितू' होती. मी तेव्हा नववीत. चौथी ओळ माझी आहे, काय लिहिलं ते सांगणार नाही.

सायली_ठाणे:
@पेन्सिलवाला हाहाहा, ४० वर जा! आमच्याकडेही अगदी हेच. सगळ्या महाराष्ट्रात एकच माणूस फिरून लिहीत होता की काय!

ठिपका:
मी एका छोट्या गावच्या वाचनालयात २२ वर्षं देवघेव सांभाळली. शासनमान्य, ड वर्ग, म्हणजे सगळ्यात खालचा. म्हणजे अनुदान किती ते जाणकारांना कळेल. तुम्ही सगळे जे लिहीत होता ना, ते खोडरबराने पुसायचं काम माझं होतं! दर दिवाळीच्या सुट्टीत मी आणि शिपाई बसायचो.

पण एक खूण मी कधी पुसली नाही. आमच्याकडे एक वयस्कर बाई येत. आठवड्याला दोन कादंबऱ्या, फक्त कौटुंबिक आणि प्रेमाच्या. सुमती क्षेत्रमाडे, ज्योत्स्ना देवधर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कपाटच्या कपाट त्यांनी वाचलं होतं. आता इतकं वाचल्यावर कुठलं वाचलं आणि कुठलं नाही हे लक्षात राहायचं कसं? नावं तर सगळी सारखीच. म्हणून त्या प्रत्येक पुस्तकात पान २१ वर, आकड्याच्या शेजारी, पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायच्या. काउंटरवर पुस्तक हातात घेतलं की आधी पान २१. ठिपका असला की परत कपाटात.

पुढे कळलं की असं करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. कोणाची पान ५० वर छोटी फुली, कोणाची ११ वर आडवी रेघ. प्रत्येकीचं पान ठरलेलं. कोणाला कोणाची खूण माहीत नाही, मला मात्र सगळ्या माहीत. बाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांची सून येते, पुस्तक घेते. एकदा तिला पान २१ दाखवलं. तिने तिथेच काउंटरवर उभं राहून कपाटातली एकेक काढून बघायला सुरुवात केली. त्या दिवशी वाचनालय अर्धा तास उशिरा बंद केलं.

अबोली:
@ठिपका बाप रे. भाजी ढवळता ढवळता थांबले.

सायली_ठाणे:
माझी आजी असं करायची!! पान ३३, कोपरा इतकासा दुमडायचा. आम्हाला वाटायचं आजी पुस्तक खराब करते. आज कळलं.

पंचगंगा:
नमस्कार मंडळी, कोल्हापूरकर हजर. आमच्याकडं अभिप्राय वगैरे लिहायची सोयच नव्हती, कारण मी जे वाचत होतो ते वाचतोय हेच कुणाला कळून चालणार नव्हतं. चंद्रकांत काकोडकर! भूमितीच्या पुस्तकात बरोब्बर बसायचं ते आकारमान. एकदा थोरल्या चुलत्यांनी धरलं. मी म्हटलं आता संपलं. त्यांनी पुस्तक उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "हे वाचलंय मी. 'नीलांबरी' वाच, ती जास्त चांगली आहे."

तेव्हा कळलं की 'दो रास्ते' सिनेमा आला होता १९६९ ला, तो त्याच 'नीलांबरी'वर. चुलते कॉलेजात असताना त्यांनी तिकीट काढून तीनदा बघितलेला. नंतर आमच्या दोघांचं एक गुपित खातं सुरू झालं. ते वाचून मला देणार, मी वाचून त्यांना सांगणार. घरात कुणाला पत्ता नाही. चुलतीला होता, असं आता वाटतं, कारण पुस्तक गादीखालून उचलून ती झाडून परत तिथंच ठेवायची.

टीकाटिपण्णी:
@पंचगंगा काकोडकरांचं नाव निघालं म्हणून. त्यांची 'शामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. त्या निकालात न्यायमूर्तींनी कथेतल्या प्रसंगांचा विचार करून निर्णय दिलाय. म्हणजे मराठी प्रेमकथेचं परीक्षण दिल्लीत झालेलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या लेखकाचं नाव साहित्याच्या चर्चेत कोणी घेत नव्हतं, त्याची कथा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओळ न् ओळ वाचली.

पंचगंगा:
हे न्हाई माहीत हुतं. चुलत्यांना सांगायला पायजे होतं. असते तर खुश झाले असते.

माहेरवाशीण:
छान धागा. ट्रंकेतल्या वह्यांना कसर लागली नव्हती का? आमच्याकडे सासऱ्यांची पुस्तकं नुसती चाळणी झाली आहेत. डांबरगोळ्या ठेवल्या तर मुलाला वासाने शिंका येतात.

कृष्णाकाठ:
@माहेरवाशीण, आत्या कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत घालून ठेवायची. पुरचुंड्या अजून आहेत, वास गेलाय. दोन वह्यांना कसर लागलीच आहे पण अक्षर शाबूत.

सह्यकडा:
वेखंड उत्तम. शिवाय वर्षातून एकदा पुस्तकांना वारा द्यायचा. ऊन डायरेक्ट नको, पानं कडक होऊन तुटतात. दसऱ्याच्या आधी आमच्याकडे ओटीवर चटया टाकून सगळी पुस्तकं उभी उघडून ठेवायचे, पाखरं बसल्यासारखी दिसायची. आणि मग दिवसभर काम कसलं होतंय, ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन तो कोपऱ्यात!

बडोदेकर:
आमचं चौथी पिढी बडोद्यात. घरात मराठी, दारात गुजराती. एक गंमत सांगते. मराठीत आपण 'कादंबरी' म्हणतो ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या 'कादंबरी'वरून, म्हणजे एका नायिकेचं नाव आख्ख्या साहित्यप्रकाराला मिळालं. आणि गुजरातीत म्हणतात 'नवलकथा'. मला लहानपणी वाटायचं की ज्यात नवल घडतं ती नवलकथा आणि ज्यात रडारड असते ती कादंबरी. शाळेतल्या मैत्रिणीशी यावरून भांडण झालेलं.

सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यातून फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या. माझ्या पणजीने लग्नानंतर पहिलं पुस्तक त्या पेटीतून वाचलं असं घरात सांगतात. ती वाचून झाल्यावर गोष्ट शेतावरच्या बायकांना गुजरातीत सांगायची. आपलंच अनुवाद-केंद्र म्हणा ना.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आले ते गौरी देशपांडेंनी मराठीत आणलेले 'अरेबियन नाइट्स'. सोळा खंड! शाळेत असताना ते मिळणं शक्य नव्हतं, कपाटाला कुलूप. बी.एस्सी.ला गेल्यावर वडिलांनी न बोलता किल्ली टेबलावर ठेवली. पहिले पाच खंड मी राक्षस आणि जादूची बेटं शोधत वाचले, नंतर लक्षात आलं की खरी जादू त्या बाईची आहे, जी जीव वाचवण्यासाठी रोज रात्री गोष्ट अर्धी ठेवते. वडिलांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच किल्ली दिली."

अबोली:
किल्ली!!! (भात लागला खाली. काही हरकत नाही.)

संत्रानगरी:
आमच्या इकडे नागपुरात आजोबा हिंदीही तेवढंच वाचत. 'चंद्रकांता' त्यांनी मूळ वाचलेली, १८८८ ची ती. ते सांगायचे की ही वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले. मग १९९४ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली. रविवारी सकाळी आख्खं घर टीव्हीसमोर आणि आजोबा मागे आरामखुर्चीत बसून दर पाच मिनिटांनी, "हे पुस्तकात नाही. हे पण नाही. हे तर नाहीच नाही." आम्ही पोरं ओरडायचो, "आजोबा बघू द्या नं!" पण मालिका संपली की तेच आम्हाला पुस्तकातलं खरं काय ते सांगायचे, ऐयार लोक रूप कसं बदलतात, तिलिस्म कसं तोडतात. पुस्तकातलं आजोबांनी सांगितलेलं आजही पाठ आहे, मालिकेतला फक्त क्रूरसिंहाचा तो एक शब्द राहिला.

सायली_ठाणे:
यक्कू!

सह्यकडा:
यक्कू!!

पंचगंगा:
यक्कू. आमच्या वर्गात एकाचं नावच पडलं होतं.

टीकाटिपण्णी:
मालिकेवर गाडी गेली, थोडी परत आणतो. वर आत्यांच्या वहीत 'वीरधवल' आहे, त्याबद्दल कोणी बोललं नाही. नाथमाधव हे शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले. पुढचं बहुतेक लेखन त्यांनी त्या अवस्थेत केलं. ज्याला खोलीतून उठता येत नाही तो माणूस घोडेस्वार, किल्ले, सुटका यांची कादंबरी लिहितो, हे कळल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि मला ती निराळीच दिसली.

आपल्याकडे अद्भुताला कायम खालच्या पंगतीत बसवलं. शाळेत शिकवतात तेही असंच, की आधी भाबड्या कादंबऱ्या होत्या, मग हरिभाऊ आपटे आले आणि वास्तव आलं. पण क्रम बघा. १८५७ चं 'यमुनापर्यटन' विधवांच्या स्थितीवर, म्हणजे सुरुवात वास्तवाची! चारच वर्षांनी, १८६१ ला, 'मुक्तामाला' आली ती अद्भुतरम्य. म्हणजे दोन्ही धारा जन्मापासून शेजारी शेजारी आहेत. आणि परीक्षणही तितकंच जुनं. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' १८७२ चा. तेव्हा मराठी कादंबरीचं वय पंधरा. राजवाड्यांनी, म्हणजे इतिहासाचार्यांनी, १९०२ मध्ये 'कादंबरी' नावाचा निबंध लिहिला आणि त्यात अद्भुतालाही नीट जागा दिली. इतक्या मोठ्या संशोधकाला अद्भुतावर विचार करणं कमीपणाचं वाटलं नाही. मग आज भयकथा लिहिणाऱ्या धारपांचं पुस्तक हातात दिसलं की लोक "हे वाचतोस?" का म्हणतात, हे मला खरंच दुखतं.

सह्यकडा:
+१ धारप. समर्थांच्या कथा रात्री वाचून परसात जायची हिंमत नव्हती. धाकट्या भावाला सोबत न्यायचो आणि त्याला वाटेत तीच गोष्ट सांगायचो.

रानमोगरा:
@टीकाटिपण्णी, तुमचं पटलं पण हरिभाऊंना नुसतं "वास्तव आणणारे" म्हणून सोडू नका. 'पण लक्षात कोण घेतो' मी एम.ए.ला असताना अभ्यास म्हणून वाचली, गुण मिळाले, विसरले. मग चाळिशीत, नवरा गेल्यानंतर दीड वर्षाने, परत हातात आली. यमूचं केशवपन येतं तिथे मी पुस्तक बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आता कोणी वपन करत नाही हो. पण हळदीकुंकवाला बोलावताना आवाज खाली जातो, ओटी भरताना ताट बाजूने नेतात. हे १८९० साली 'करमणूक'मध्ये आठवड्याआठवड्याला छापून येत होतं आणि बायका ते ऐकत होत्या, वाचत होत्या. नावातच प्रश्न आहे. मी शेवटच्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, "मी घेतलं."

कृष्णाकाठ:
@रानमोगरा ताई, काय बोलू. आत्याच्या वहीत यमूला १०० आहेत. सातही वह्यांत १०० फक्त तिलाच. शंकरमामंजींच्या नावापुढे पेन्सिल इतकी दाबली आहे की कागद फाटलाय.

अबोली:
रानमोगरा, मिठी.

दूरदेशी:
थोडं हलकं लिहिते. आम्ही दुबईत. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी इथेही फिरते, एका घरातून दुसऱ्या घरात. पेटी बदलायच्या निमित्ताने पोहे आणि गप्पा. मुलगा इंग्रजी माध्यमातला, मराठी बोलतो पण वाचायचा कंटाळा. त्याने 'हॅरी पॉटर'चे सगळे भाग इंग्रजीत पाठ केलेले. मी बाळ ऊर्ध्वरेषे यांचा मराठी अनुवाद आणला, पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. त्याने नाव वाचलं आणि विचारलं, परीस म्हणजे? मी लोखंडाचं सोनं करणाऱ्या दगडाची गोष्ट सांगितली, संतांच्या अभंगातला परीस सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे हा शब्द आधीपासून होता?" त्या एका प्रश्नासाठी पुस्तकाचे पैसे वसूल. आता तो दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचतो आणि मला चुका काढून दाखवतो. काढू दे. चुका काढायला का होईना, मराठी वाचतोय.

माहेरवाशीण:
@दूरदेशी तिकडे वेखंड मिळतं का हो? माझी बहीण शारजात आहे, तिच्याकडे पण पुस्तकं आहेत.

दूरदेशी:
@माहेरवाशीण मिळतं, केरळी दुकानात. 'वयंबु' म्हणून मागायचं. बाळगुटीसाठी मी तिथूनच आणलेलं.

मोतीबिंदू_मोहीम:
वडिलांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने मी त्यांना रोज संध्याकाळी 'मृत्युंजय' वाचून दाखवत होतो. १९६७ ला आलं तेव्हाच त्यांनी वाचलेलं. सहा जण बोलतात त्यात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. मी प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करायचो. वृषालीच्या भागात कर्णाबद्दल ती जे प्रेमाने बोलते ते वडिलांसमोर मोठ्याने वाचायला मला अवघडायचं. एकदा दोन परिच्छेद गाळले. वडील डोळ्यांवर हिरवी पट्टी, खुर्चीत मागे टेकलेले. शांतपणे म्हणाले, "मधलं राहिलं." मी परत मागे जाऊन वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या आईला हेच वाचून दाखवलं होतं. लग्नाच्या आधी." मला चाळीस वर्षांत हे माहीत नव्हतं! आई स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज थांबला.

सायली_ठाणे:
अहो!! लग्नाच्या आधी, त्या काळात? पूर्ण गोष्ट लिहा बघू.

मोतीबिंदू_मोहीम:
@सायली_ठाणे आईला विचारलं. ती म्हणाली "त्यांना काहीही आठवतं". पण लाजली. याच्यापुढे माझी चौकशी गेलेली नाही.

पंचगंगा:
वेगळा धागा काढा यावर भावा!

निळी_शाई:
मी वही नाही, पत्रं लिहायचे. आंतरदेशीय पत्र, पंचवीस-तीस ओळी बसतात. कादंबरी आवडली की लेखकाला पत्र. पत्ता प्रकाशकाचा. अकरावीत असताना एका लेखिकेला लिहिलं की तुमच्या नायिकेने शेवटी त्याला माफ करायला नको होतं. महिन्याने पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. "मलाही तसंच वाटतं. पण तिने माझं ऐकलं नाही." मी ते कार्ड कॉलेजच्या दप्तरात घेऊन फिरले. मराठीच्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले असली बाजारी पुस्तकं वाचण्यात वेळ घालवू नकोस. मला फार लागलं ते. त्या पुस्तकाने मला माफ करणं आणि विसरणं यातला फरक शिकवला होता, आणि तो मला पुढे संसारात उपयोगी पडला, वर्गातल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा जास्त. सर आता नाहीत. तरी हे आज लिहून बरं वाटलं.

टीकाटिपण्णी:
@निळी_शाई "पण तिने माझं ऐकलं नाही". हे जपून ठेवा. मी 'ललित' मासिक १९७० नंतरचं बांधून ठेवलंय, त्यात कितीतरी परीक्षणं आहेत. इतक्या कमी शब्दांत लेखनाबद्दल इतकं सांगितलेलं मला त्यात पटकन आठवत नाही.

पेन्सिलवाला:
बांधीव 'ललित'! ठणठणपाळचं सदर आहे ना त्यात? पुण्यात असाल तर चहाला येतो.

टीकाटिपण्णी:
आहे. या. पुस्तकं घरी नेता येणार नाहीत, इथे बसून वाचायची.

लाल_डबा:
पुस्तक ओळखा. आजोळी वाचलेलं, पहिली पानं नव्हती आणि शेवटचीही नव्हती. एक राजकन्या, एक भुयार, भुयारात तेलाचा दिवा जो विझत नाही, आणि एक बैरागी जो खरा बैरागी नसतो. कागद पिवळा, जाड. कोणाला आठवतंय का? तीस वर्षं शोधतेय.

सह्यकडा:
अहो भुयार, दिवा आणि खोटा बैरागी म्हणजे त्या काळातलं प्रत्येक दुसरं पुस्तक! गो. ना. दातार बघा, 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' वगैरे.

लाल_डबा:
दोन्ही बघितली, ती नाहीत. शेवट काय झाला एवढंच कळायला हवंय. राजकन्या दिवा उचलते आणि पान संपतं.

ठिपका:
@लाल_डबा, आमच्या जुन्या दाखल नोंदवहीत बघतो. मुखपृष्ठ गेलेली पुस्तकं आम्ही "अपूर्ण" शिक्का मारून एका खोक्यात ठेवायचो, टाकवत नाहीत. सोमवारी वाचनालयात जाईन. काढलं तर इथे लिहितो.

लाल_डबा:
@ठिपका काका, तुमच्या तोंडात साखर पडो.

सायली_ठाणे:
कोणी थेऊरला गेलंय का? आम्ही चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. सगळे प्रसादाच्या रांगेत आणि मी नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी. 'स्वामी' वाचल्याला वीस वर्षं झाली असतील. १८ नोव्हेंबर १७७२, माधवराव पेशवे गेले ती तारीख पुस्तकामुळे पाठ. सती जाणं वाईटच, त्यात दुमत नाही, आज ते पान वाचताना संताप येतो. पण त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं आठवून डोळे भरून येतात तेही खरं. दोन्ही एकदम होतं, काय करणार. कृष्णाकाठ ताई, तुमच्या आत्यांचं ते कोरं पान मला कळलं.

कृष्णाकाठ:
दोन दिवस वीज नव्हती, फोन बंद. पाणी ३८ फुटांवर आलं आणि आता उतरतंय. गाद्या अजून वरच ठेवल्या आहेत, घाई नको.

मेणबत्तीच्या उजेडात सातही वह्या वाचून काढल्या. @ठिपका काका, तुमचं वाचून मी आत्याची स्वतःची पुस्तकं काढून बघितली, कुठे ठिपका-बिपका आहे का. नाही. तिला गरज नव्हती, वह्या होत्या. पण शेवटच्या वहीत, ती गेली त्या वर्षीची नोंद सापडली. अक्षर थरथरलेलं. "स्वामी. परत वाचली. माधवराव ८५. रमा ८५." आणि खाली, "१९६३ चे राहिलेले गुण आज दिले."

माळ्यावरून उतरवत नाहीये वह्या. पण नवी वही आणली, २०० पानी, रेघांची. मुलीला विचारलं कुणाला किती. ती 'हॅरी पॉटर' वाचतेय, इंग्रजीत. म्हणाली हर्माइनीला ९५, पाच कापले कारण ती दुसऱ्यांना बोलू देत नाही.

सह्यकडा:
आत्यांनी दहा कापले असते!

पंचगंगा:
पाणी उतरलं हे वाचून बरं वाटलं. इकडंही पंचगंगा खाली आली. काळजी घ्या.

अबोली:
मी माझं अजून लिहिलंच नाही! रुमाल तसाच राहू द्या. पोळ्या झाल्या की येते, मोठं आहे.